वर्कलोड

'वर्कलोड', म्हणजे कारखान्याला मिळालेले काम, हा शब्द आमच्या घरी कोणाला शिकवावा लागला नाही. नागपूरलगतच्या वाडी गावाच्या ज्या वस्तीत मी वाढलो, तिथल्या बहुतेक घरांतला कर्ता माणूस अंबाझरीच्या आयुध निर्माणीत कामाला होता, आणि महिना कसा जाणार हे त्या एका शब्दावर ठरत असे. वर्कलोड भरपूर असला की ओव्हरटाइम मिळे, पीसवर्कचे, म्हणजे नगामागे मिळणारे, पैसे वाढत, उन्हाळ्याच्या तोंडावर नवा कूलर येई. वर्कलोड घटला की किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत आमचे पान भरत जाई. माझे वडील तिथे टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे कारागीर, होते. तोफगोळ्याचे धातूचे भाग त्यांच्या हातून घडले, पण तो गोळा पुढे कुठे जातो, कोण डागतो, मुळात तो सैन्याला हवा आहे की नाही, हे प्रश्न आमच्या जेवणाच्या वेळी कधी निघाल्याचे मला आठवत नाही. 'यंदा लोड किती आला?' एवढेच विचारले जाई.

गेल्या भाऊबीजेला मी कामठीला बहिणीकडे गेलो होतो. माझा एक चुलतभाऊही सोबत होता. तो निर्माणीतच कामाला आहे. बोलता बोलता तो म्हणाला की सगळ्या मोठ्या ऑर्डरी आता खासगी कंपन्यांना जातात, सरकारने आधी आपल्या निर्माण्यांना काम द्यायला हवे, नाहीतर वाडीच्या माणसांनी खायचे काय? भाऊजी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. फराळाची ताटली बाजूला ठेवून ते म्हणाले, "अरे, ऐन वेळी गोळा फुटला नाही तं तुमच्या वर्कलोडचं काय लोणचं घालू मी?" बहिणीने विषय बदलला, पण परत येताना कामठी रोडभर तेच वाक्य माझ्या डोक्यात होते. त्या घरात दोघांचेही मीठ मी खाल्ले आहे, त्यामुळे कोणा एकाची बाजू घेणे मला सोपे नाही. तरीही हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत तीस वर्षे कॉस्टिंगचे, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाचे, काम केल्यावर माझे एक मत बनले आहे, आणि ते इथे नीट मांडून ठेवावे असे वाटते.

आधी हे कारखाने इथे आले कसे ते पाहू. १९६२च्या चीन युद्धातील पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. शस्त्रसज्जतेची जी घाई त्या दशकात सुरू झाली, तिच्यात विदर्भाच्या वाट्याला भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती आणि नागपुरात अंबाझरी अशा तीन निर्माण्या आल्या, अंबाझरीची १९६६ची. सीमेपासून दूर, देशाच्या मध्यावर, रेल्वेच्या सोयीची जागा, हे त्यामागचे लष्करी गणित होते. विदर्भातल्या बेकारांना काम मिळावे म्हणून कोणी तोफगोळ्यांचा कारखाना काढला नव्हता. काम मिळाले ते त्या गणिताच्या ओघात. पुढच्या दोन पिढ्यांत मात्र हा क्रम नकळत उलटा झाला: नोकरी हा मुख्य माल झाला आणि गोळा हे त्याचे उपउत्पादन.

हा उलटा क्रम हिशेबाच्या वहीत कसा दिसतो ते सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे. या सगळ्या निर्माण्या चालवणारे आयुध निर्माणी मंडळ सैन्याला 'ना नफा ना तोटा' या तत्त्वावर माल देत असे. ऐकायला हे फार सात्त्विक वाटते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की जो काही खर्च होईल तो सगळा मालाच्या किमतीत चढणार. समजा, एखाद्या शॉपचा, म्हणजे कारखान्यातल्या विभागाचा, स्थिर खर्च, म्हणजे पगार, देखरेख, इमारत, वीज, वर्षाला दहा कोटी आहे आणि तिथे एक लाख नग निघतात. तर नगामागे हजार रुपये स्थिर खर्चाचे. ऑर्डर निम्मी झाली की माणसे तेवढीच राहतात आणि नगामागचा भार दोन हजार होतो. नग महागला म्हणून सैन्य पुढच्या वर्षी आणखी कमी मागवते, की भार तीन हजारांवर जातो. खासगी कारखान्यात हे चक्र दुसऱ्या वर्षीच कोणीतरी थांबवतो, बहुधा निर्दयपणे. सरकारी निर्माणीत ते थांबत नसे, कारण तिथे नग महाग झाल्याची झळ बनवणाऱ्याला बसत नसे, विकत घेणाऱ्याला बसे. आणि विकत घेणाऱ्यालाही दुसरीकडे जायची मुभा नसे. मग एकच उपाय उरे, तो म्हणजे कसेही करून लोड आणणे. युनियनचे पुढारी, खासदार, मंत्री, सगळे लोड आणायला दिल्लीला जात. लोड हवा म्हणून गरज शोधायची, असा तो प्रवास असे.

समजा, बाजारात दोन हजारांना मिळणारा बूट निर्माणीकडून सैन्याला तीन हजारांना पडला, तर वरचे हजार रुपये कशाचे? ते जवानाच्या पायाचे नव्हेत. ते एखाद्या कुटुंबाच्या चरितार्थाचे आहेत, आणि तो खर्च वाईट आहे असे मी अजिबात म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच, की तो खर्च बुटाच्या किमतीत लपवू नये. रोजगार टिकवण्यासाठी सरकारला पैसे द्यायचे असतील तर ते त्याच नावाने, वेगळ्या खात्यात, लोकसभेत मत घेऊन द्यावेत. संरक्षणाच्या खात्यात ते घातले की दोन्ही गोष्टी बिघडतात: बूट महाग का पडला हे कळत नाही आणि कुटुंबांना नेमके किती मिळाले हेही कळत नाही. कॉस्टिंगमध्ये आम्ही नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवत असू, की चुकीच्या खात्यात टाकलेला खरा खर्चसुद्धा खोटाच हिशेब तयार करतो.

याची किंमत जवानाने मोजल्याचे दाखले सरकारी कागदांतच आहेत. 'कॅग'च्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापालांच्या, २०१७च्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६ मध्ये दारूगोळ्याच्या तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरला नसता, आणि त्याच अहवालात निर्माणी मंडळाच्या पुरवठ्यातील तूट आणि दर्जाच्या तक्रारींवर बोट ठेवले होते. २०२०मध्ये सैन्याच्या एका अंतर्गत अहवालाच्या आधारे बातम्या आल्या, की २०१४ ते २०२० या काळात सदोष दारूगोळ्यापायी ९६० कोटी रुपये वाया गेले. मंडळाने त्या दाव्याला हरकत घेतली, आणि साठवण, हाताळणी, तोफेची देखभाल यांचाही अपघातांत हात असू शकतो हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण ज्याला दुसरा पुरवठादारच नव्हता, त्या गिऱ्हाइकाची तक्रार कोणी कितपत मनावर घेईल? भाऊजींच्या रागाचे मूळ तिथे आहे.

निर्माण्यांची पुनर्रचना करावी असे विजय केळकर यांच्या समितीने २००५च्या सुमारासच सुचवले होते. पुढे लेफ्टनंट जनरल शेकटकर यांच्या समितीनेही याच दिशेने शिफारसी केल्या. दोन्ही नावे मराठी, हा निव्वळ योगायोग; निर्माण्यांतल्या मराठी कामगारांनी त्याबद्दल त्यांचे फार कौतुक केल्याचे ऐकिवात नाही. अखेर १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित होऊन ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या, आणि १५ ऑक्टोबरला, नेमक्या दसऱ्याला, म्हणजे शस्त्रपूजनाच्या दिवशी, त्या राष्ट्राला अर्पण झाल्या. यंत्र इंडिया लिमिटेडचे मुख्यालय नागपुरात आले. अंबाझरी तिच्याकडे गेली. भंडारा (जवाहरनगर) आणि चांदा (भद्रावती) पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे. संप होऊ नये म्हणून त्याच वर्षी अत्यावश्यक संरक्षण सेवांचा कायदा आणावा लागला. कामगारांना सरकारी सेवक म्हणूनच प्रतिनियुक्तीवर ठेवले गेले आणि ती मुदत पुढे पुढे वाढवत नेली. नव्या कंपन्यांना सुरुवातीलाच ६५ हजार कोटींहून अधिक रकमेच्या ऑर्डरी देण्यात आल्या. म्हणजे नाव बदलले, ताळेबंद आला, पण सुरुवात पुन्हा लोड देऊनच झाली. आता खरी परीक्षा त्या ऑर्डरी संपल्यावर आहे.

'संरक्षणावर पैसा खर्च केला की रोजगार वाढतो' हे वाक्य आपल्याकडे हल्ली प्रत्येक भूमिपूजनात ऐकू येते, म्हणून त्याबद्दल थोडे. वाढतो, यात शंका नाही. कोणत्याही खर्चाने वाढतो. प्रश्न तेवढ्याच पैशात दुसरीकडे किती वाढला असता हा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रॉबर्ट पोलिन आणि हायडी गॅरेट-पेल्टियर या अर्थतज्ज्ञांनी २०११मध्ये हिशेब मांडला, की एक अब्ज डॉलर सैन्यावर खर्च केले तर सुमारे ११,२०० रोजगार निर्माण होतात आणि तेवढेच शिक्षणावर केले तर सुमारे २६,७००. त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण कारण लागू होते: शस्त्रनिर्मितीत पैसा यंत्रे, धातू आणि आयात सुट्या भागांकडे जातो, शाळेत तो माणसांकडे जातो. तेव्हा रोजगार हाच हेतू असेल तर तोफगोळा हे त्याचे बऱ्यापैकी महागडे साधन आहे. आपल्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये आहेत. त्यातले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनात जातात आणि नव्या शस्त्रसामग्रीसह सगळ्या भांडवली खर्चाला १.८० लाख कोटी उरतात. या उरलेल्या रकमेतून विदर्भाची, बुंदेलखंडाची आणि कानपूरची बेकारी दूर करायची म्हटले तर तोफ कशातून घ्यायची?

इथवर मी भाऊजींच्या बाजूने बोललो. पण 'सैन्याला आज लागेल तेवढेच घ्या, स्वस्त असेल तिथून घ्या, बाकी बंद करा' असे म्हणणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत चांगलाच धडा मिळाला आहे. युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देण्याचे आश्वासन युरोपीय संघाने मार्च २०२३मध्ये दिले आणि पैसे असूनही मुदतीत ते पाळता आले नाही, कारण शीतयुद्धानंतर त्यांनी आपल्या दारूगोळ्याच्या वाटा आटवून टाकल्या होत्या. पैसा एका रात्रीत मंजूर होतो, पण टीएनटीसारखे स्फोटक हाताळणारा माणूस एका रात्रीत तयार होत नाही. माझे वडील डोळे मिटून बोट फिरवून सांगत, की कड नीट आली आहे की नाही. ते शिकायला त्यांना किती वर्षे लागली हे कोणत्याही निविदेत लिहिलेले नसते. असे हात एकदा पांगले, कोणी चहाची टपरी टाकली, कोणी सिक्युरिटी गार्ड झाला, की ते परत जमत नाहीत. बंद पडलेल्या एम्प्रेस कापड मिलच्या माणसांचे काय झाले हे नागपुरात कोणाला सांगायला नको. म्हणून शांततेच्या काळात थोडी क्षमता रिकामी ठेवणे, तिच्यावर खर्च करणे, ही स्वतःच एक लष्करी गरज असू शकते.

'असू शकते' असे मी जाणूनबुजून लिहितो, कारण 'क्षमता टिकवायची आहे' या वाक्याआड काहीही लपवता येते. ओहायो राज्यातल्या लिमा गावी अमेरिकेचा एब्रॅम्स रणगाड्यांचा कारखाना आहे. आम्हाला तूर्त आणखी रणगाडे नकोत, काम काही वर्षे थांबवा, असे तिथले लष्करप्रमुख जनरल ओडिएर्नो २०१२मध्ये अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, सांगत होते. आणि लोकप्रतिनिधींनी, पक्षभेद विसरून, तरीही पैसे मंजूर केले. कारण तेच दिले: कारखाना थंड पडला तर कौशल्य जाईल. तेव्हा खरे कौशल्य कोणते आणि मतदारसंघ कोणता, हे ओळखायचे कसे?

मला सुचलेली कसोटी कॉस्टिंगवाल्याची आहे. रिकामी ठेवलेली क्षमता टिकवण्याचे बिल सैन्यासमोर त्याच्या स्वतःच्या खात्यातले बिल म्हणून ठेवावे. त्याच पैशात नव्या तोफा घ्यायच्या की भंडाऱ्याची प्रोपेलंटची (गोळा पुढे ढकलणाऱ्या दारूची) लाइन तयार ठेवायची, हे ज्याला लढायचे आहे त्याने ठरवावे. त्याने लाइनवर सही केली तर ती गरज. मग तिथल्या प्रत्येक कामगाराला वर्कलोड असो-नसो पूर्ण पगार द्यावा, कारण तो अग्निशमन दलाच्या जवानासारखा आहे, आग लागली नाही म्हणून त्याचा पगार कापत नाहीत. सही केली नाही, तर त्या माणसांची जबाबदारी सरकारची आहेच, पण ती उद्योग किंवा कामगार खात्याची. नवे प्रशिक्षण, नवा माल, स्वेच्छानिवृत्ती, जे काय असेल ते तिथून. प्रोपेलंट, स्फोटके, फ्यूज यांच्यावर सैन्य सही करील असे मला वाटते. तंबू आणि गणवेशावर करणार नाही. आणि २०१७मध्ये सरकारने अशा कित्येक वस्तू खुल्या बाजारातून घ्यायची वाट मोकळी केली तेव्हा युनियनने केलेला विरोध मला तेव्हाही पटला नव्हता. वडिलांना पटला होता. आमचे त्यावरून दोन दिवस बोलणे बंद होते.

आता अमरावती रोडचे दुसरे टोक. वाडीहून याच रस्त्याने पुढे गेले की बाजारगाव येते, आणि तिथे खासगी क्षेत्रातला स्फोटकांचा मोठा कारखाना आहे. त्याच समूहातल्या इकॉनॉमिक एक्सप्लोसिव्ह्ज या नागपूरच्या कंपनीला ऑक्टोबर २०२०मध्ये दहा लाख हातबॉम्बचे ४०९ कोटींचे कंत्राट मिळाले. महायुद्धाच्या जमान्यातल्या नमुन्याचा हातबॉम्ब इतकी वर्षे वापरणाऱ्या सैन्याला डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेला नवा हातबॉम्ब मिळाला. फेब्रुवारी २०२५मध्ये पिनाक रॉकेटांच्या दोन वेगळ्या प्रकारांची मिळून १०,१४७ कोटींची कंत्राटे ही कंपनी आणि म्युनिशन्स इंडिया या दोघांना दिली गेली. एकाच पिनाक प्रणालीला दोन पुरवठादार, त्यांत एक सरकारी, ही मांडणी मला योग्य वाटते. भाऊजींना दुसरे दुकान मिळाले आणि निर्माणीला तुलनेचा धाक.

पण 'स्थानिक रोजगार' या शब्दाची खरी तपासणीही याच रस्त्यावर व्हायला हवी. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या सरकारी निर्माणीत आठ गेले. म्हणजे या बाबतीत खासगीला दोष देऊन सरकारी सुटत नाही. रोजगाराचा आकडा मोजणारे तो कसला रोजगार आहे हे मोजत नाहीत: कायम की कंत्राटी, प्रशिक्षण किती दिवसांचे, एका खोलीत एका वेळी किती माणसे. ज्यांना नोकऱ्यांची खरी काळजी आहे त्यांनी ऑर्डरींपेक्षा या प्रश्नांवर संसदेत भांडावे. त्याने मालही चांगला निघेल, कारण निष्काळजी शॉपमध्ये दर्जेदार गोळा तयार होत नाही, हे वडीलही मान्य करत.

नागपूर विमानतळालगतच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पाबद्दल थोडक्यात. परदेशी विक्रेत्याने किमतीचा काही भाग भारतात गुंतवावा, ही ऑफसेटची कल्पना रोजगाराच्याच मोहातून लोकप्रिय झाली. ३६ राफेल विमानांच्या करारात ५० टक्के ऑफसेट होते, आणि ऑक्टोबर २०१७मध्ये मिहानात राफेल बनवणारी फ्रेंच कंपनी दासो आणि अनिल अंबानींची रिलायन्स यांच्या संयुक्त कारखान्याची पायाभरणी झाली. तिथे फाल्कन या व्यावसायिक जेट विमानांचे भाग बनतात. नागपूरच्या मुलांना विमानाचे काम शिकायला मिळाले, हे चांगलेच झाले. पण 'कॅग'ने २०२०मध्ये सगळ्याच ऑफसेट करारांचा हिशेब काढला तेव्हा डिसेंबर २०१८पर्यंत १९,२२३ कोटींची पूर्तता व्हायला हवी होती आणि विक्रेत्यांनी दावाच केला होता ११,३९६ कोटींचा. त्या वर्षीच्या नव्या खरेदीधोरणात दोन सरकारांमधल्या करारांना ऑफसेटची अट लागू राहिली नाही. विक्रेता हा खर्च विमानाच्या किमतीत मिसळतो, हे उशिरा का होईना लक्षात आले. पुन्हा तोच चुकीच्या खात्याचा प्रकार.

हा मजकूर मी आधी भाऊजींना वाचायला दिला. त्यांनी चष्मा पुसून शांतपणे वाचला आणि एकच गोष्ट राहिली म्हणून सांगितली. कापड जास्त विणले तर गोदामात पडून राहते; दारूगोळ्याला वय असते. लोड हवा म्हणून जास्त गोळे केले तर ते काही वर्षांनी म्हातारे होतात, आणि मग त्यांना मारायलाही माणसे लागतात. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ सोनेगाव आबाजीला कालबाह्य दारूगोळा नष्ट करायला आणला असताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांतले बहुतेक आसपासच्या खेड्यांतले, कंत्राटदाराने त्या दिवसापुरते बोलावलेले मजूर होते. "हेही तुझ्या लोकल रोजगारात लिही," भाऊजी म्हणाले, आणि कागद परत दिला.